आलेस्सांद्रो व्होल्टा

आषाढात ओरोस येथे वीज गेली म्हणजे दिवे व पंखे बंद पडतात. परंतु विद्यार्थ्यापुढील लॅपटॉप मात्र बॅटरीच्या बळावर चालूच राहतो. त्या बॅटरीचा दाब व्होल्ट ह्या परिमाणाने मोजतात. ते परिमाण ज्याच्या नावावरून पडले, त्या पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

आलेस्सांद्रो व्होल्टा याचा जन्म उत्तर इटलीतील कोमो ह्या गावी १८ फेब्रुवारी १७४५ रोजी झाला. चार वर्षांचा होईपर्यंत त्यास बोलता येईना, म्हणून घरची मंडळी चिंतातुर झाली होती. पुढे त्याची बुद्धी चमकू लागली. १७७४ साली तो कोमोच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवू लागला. अर्थात तो प्रथम आमच्याच धंद्यातला! १७७९ साली तो पाव्हिया विद्यापीठात प्राध्यापक झाला.

१७९१ साली गॅल्व्हानी ह्या विद्वानाने असे प्रसिद्ध केले की, दोन धातूंच्या स्पर्शाने मेलेल्या बेडकाचा पाय आखडतो, आणि ती वीज बेडकाच्या शरीरातलीच होय. व्होल्टास हे प्रथम पटले. प्रयोग करता करता मात्र संशय आला. त्याने बेडूकच वगळला. चांदी व जस्त यांच्या चकत्यांच्या जोड्या, आणि जोडीजोडीमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा, अशी चळत रचताच अखंड वीज वाहू लागली. ही जगातील पहिली बॅटरी. २० मार्च १८०० रोजी त्याने हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस पत्राने कळविला.

परंतु चकत्यांच्या भाराने पाणी पिळून निघे, पुठ्ठा सुके आणि वीज थांबे. म्हणून व्होल्टाने काही चळती मेणाने व डांबराने लिंपून घेतल्या; त्या आठवडेच्या आठवडे चालत. बॅटरीची निगा राखणे बॅटरीइतकेच जुने आहे ते असे.

एका बाबतीत मात्र तो चुकला. केवळ धातूंच्या स्पर्शाने वीज उपजते, तेव्हा ती संपण्याचे कारण नाही, असे त्यास वाटे. खाऱ्या पाण्याने लोखंड कसे खाल्ले जाते हे मालवणच्या कोळ्यास सांगावे लागत नाही. त्या चळतीतले जस्तही वीज देता देता झिजतच होते. बॅटरीत रासायनिक क्रिया घडते, म्हणूनच तिला म्हातारपण आहे.

१९९१ सालापासून बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी पुन्हा भरता येते खरी, पण प्रत्येक वेळी थोडी शक्ती कायमची जाते. उष्णता आणि सदोदित पूर्ण भरलेली स्थिती ही दोन तिला लवकर थकवितात. हे आम्ही ठेच लागून शिकलो. मे महिन्याच्या सुटीत आम्ही आपला लॅपटॉप शंभर टक्के भरून पत्र्याखालच्या खोलीत ठेवला होता; जूनमध्ये तो तासभरही टिकेना. अर्धा भरून थंड जागी ठेवावयास हवा होता. कित्येक यंत्रांत ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते. दिवसभर वायर लावून बसणाऱ्याने ती चालू करावी. बॅटरी वारंवार शून्यावर नेऊ नये. गादीवर यंत्र ठेविल्यास हवेच्या वाटा बुजतात. बॅटरी फुगली तर यंत्र तत्काळ बंद करून जाणत्याकडे न्यावे.

व्होल्टाने १८०१ साली पॅरिस येथे नेपोलियनसमोर आपले प्रयोग करून दाखविले. १८१० साली त्यास काउंट ही पदवी मिळाली. १८१९ साली तो निवृत्त होऊन कोमोजवळील काम्नागो ह्या खेड्यात राहिला, व ५ मार्च १८२७ रोजी वारला. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्परिषदेने विजेच्या दाबाच्या परिमाणास त्याचे नाव दिले.