परळचे डॉ. सेन

ट्रान्सप्लांट म्हटलं की आपल्याला दक्षिण आफ्रिकेचे डॉ. बर्नार्ड आठवतात. त्यांनी डिसेंबर १९६७ मध्ये पहिल्यांदा माणसाचं हृदय बदललं. पण त्यानंतर अडीचच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्येही हे ऑपरेशन झालं, हे फार थोड्यांना माहीत असतं. ते करणारे सर्जन म्हणजे डॉ. प्रफुल्लकुमार सेन.

सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकात्यात झाला. पण शिक्षण आणि नोकरी परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. त्यांची बुद्धी इंजिनिअरसारखी चालायची. सापाच्या हृदयाच्या स्नायूला आतूनच थेट रक्त मिळतं, हे पाहून त्यांनी १९६५ मध्ये हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रं पाडून रक्त पोचवण्याचा प्रयोग केला. त्याच वर्षी केईएममध्ये भारतातलं पहिलं किडनी ट्रान्सप्लांट झालं.

हृदयाचा पहिला पेशंट मात्र तीनच तास जगला. सप्टेंबर १९६८ मधला दुसरा चौदा तास. १९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळालं, पण यशस्वी हार्ट ट्रान्सप्लांट भारतात झालेलं बघायला ते राहिले नाहीत. १९८२ मध्ये ते गेले. ते यश १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये आलं. ब्रेन डेथला मान्यता देणारा कायदाही त्याच वर्षी झाला.

मधल्या काळात काय बदललं? शरीर परका अवयव नाकारतं, ते थांबवणारी औषधं आली. आधी सायक्लोस्पोरिन, मग १९९० च्या सुमारास टॅक्रोलिमस. त्यामुळे सगळ्यात अवघड अवयव, म्हणजे आतडं, तेही लहान मुलांमध्ये बसवता येऊ लागलं. आतड्यात जंतू खूप आणि प्रतिकार करणाऱ्या पेशीही खूप, म्हणून ते लवकर नाकारलं जातं. काही बाळांचं आतडं जन्मतःच पीळ पडून सडतं आणि कापावं लागतं. मग शिरेतून अन्न द्यायचं. ते वर्षानुवर्षं चाललं की लिव्हर बिघडू शकतं. अशा मुलांना ट्रान्सप्लांट हा शेवटचा आधार असतो.

आपल्या देवळ्याकडची माणसं मोठं दुखणं घेऊन आधी नाशिकला आणि मग मुंबईला जातात. सेन यांच्याकडे ना ही औषधं होती, ना कायदा. आज दोन्ही आहे. पण लहानग्या पोटात मोठं आतडं मावत नाही. कधी आई-वडिलांच्या आतड्याचा तुकडा चालतो, नाहीतर स्वतःचं मूल गमावलेल्या कुणाला तरी त्याच दिवशी होकार द्यावा लागतो. अवयवदानाचा विषय घरी आधीच बोलून ठेवला, तर तो होकार थोडा तरी सोपा होईल. यंदा सुट्टीत घरी गेलात की एवढं नक्की करा.