विश्लेषण : प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन कोण होते?

राज्यातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडली, तेव्हा करोना लशीचे दोन्ही डोस घेतलेल्या विद्यार्थ्यांनाच वर्गात प्रवेश होता. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न सातारा, सांगलीतील महाविद्यालयेही याला अपवाद नव्हती. लस इतक्या लवकर कशी तयार झाली, ताप आला तर काय, सक्ती कशाला, हे प्रश्न तेव्हा तरुणांच्या तोंडी होते. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत अशाच प्रश्नांना सामोरे गेलेले शास्त्रज्ञ म्हणजे वाल्देमार हाफकिन.

हाफकिन मुंबईत कसे आले?

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये आजच्या युक्रेनमधील ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. विद्यार्थीदशेत राजकीय चळवळीमुळे त्यांना तुरुंगवास घडला. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीवर (कॉलरा) लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते ही लस घेऊन भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर सरकारने त्यांना तिथे बोलावले.

लस कशी तयार झाली?

ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या तुटपुंज्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह काम सुरू झाले. प्लेगचे जंतू वाढवायचे आणि उष्णतेने मारून ते टोचायचे, ही त्यामागची पद्धत. मेलेले जंतू आजार देत नाहीत, पण शरीर त्यांना ओळखायला शिकते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला मोठा डोस टोचून घेतला. त्यांना ताप आला, वेदना झाल्या, पण ते काम करत राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली.

तेव्हा साताऱ्यात, पुण्यात काय स्थिती होती?

तत्कालीन सातारा जिल्ह्यातील नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी, हाफकिन यांनी लस टोचून घेतल्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, त्यांचे निधन झाले. पुण्यात घरझडत्यांच्या सक्तीमुळे संताप उसळला आणि जूनमध्ये चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. हाफकिन यांचा भर मात्र स्वेच्छेने लस घेण्यावर होता. तिसरे आगाखान तेव्हा विशीत होते. अनुयायांची भीती घालवण्यासाठी त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली.

विश्वासाला तडा कशामुळे गेला?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस देण्यात आली. त्यातील १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. या सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचली होती. चौकशीत मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे नंतर पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण मुंबईच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना पुन्हा मिळाले नाही.

आज याचे महत्त्व काय?

परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या लशीने प्लेगचा धोका कमी होत असे, पण पूर्ण टळत नसे. तरीही लाखो लोकांनी ती घेतली. मुल्कोवालमध्ये चूक एका बाटलीपुरती होती, पण ती कुठे झाली हे स्पष्ट व्हायला पाच वर्षे लागली आणि तोवर संशय साऱ्या लशीवरच राहिला. म्हणूनच लशीबद्दल प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला नियमाचा कागद दाखवून भागत नाही. लस कशी बनते, त्रास काय होऊ शकतो आणि चूक झाल्यास जबाबदारी कोणाची, याची उत्तरे त्याला वेळेवर मिळायला हवीत.