नेता होण्याआधीचा होमवर्क

गॅदरिंगची कमिटी असो, एनएसएसचा कॅम्प असो की कॉलेजची निवडणूक, प्रत्येक ठिकाणी एखादा सीनिअर असतोच, ज्याच्याकडे बघून आपण ‘लीडर’ म्हणजे काय हे ठरवतो. तो माईकवर गाजणारा असेल तर आपल्यालाही माईकच हवा असतो. तो मागे बसून हिशेब जुळवणारा असेल तर आपणही हिशेबाला लागतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात ते ‘मवाळ नेते’ आणि ‘गांधीजींचे राजकीय गुरू’ म्हणून. पण त्याआधी ते स्वतःच कुणाचे तरी ज्युनिअर होते.

गोपाळचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. तो तेरा वर्षांचा असताना वडील गेले. थोरला भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपये पगारावर नोकरीला लागला आणि त्यातले आठ रुपये कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवू लागला. अठराव्या वर्षी गोपाळ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए झाला. आता चांगली नोकरी धरायची आणि घर सावरायचं, हे सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. पण १८८५ मध्ये तो पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलला मास्तर म्हणून आला आणि टिळक-आगरकरांच्या टीममध्ये सामील झाला. पगार बेताचा, काम मात्र भरपूर. शिकवता शिकवता त्याने अंकगणिताचं पुस्तकही तयार केलं आणि ते पुढे खूप चाललं.

इथे त्याला पहिला मेंटॉर मिळाला तो गोपाळ गणेश आगरकर. वयाने जेमतेम दहा वर्षांनी मोठे. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढलं तेव्हा त्याची इंग्रजी बाजू गोखल्यांनी सांभाळली. बालविवाह, विधवांचे हाल अशा विषयांवर अख्खं गाव विरोधात गेलं तरी आगरकर लिहायचे थांबत नव्हते. बहुमत विरोधात आहे म्हणजे आपण चूक आहोत असं नाही, हे गोखले त्यांच्या शेजारी बसून शिकले. आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता गेले.

दुसरे मेंटॉर महादेव गोविंद रानडे. त्यांच्या भेटीचा एक किस्सा सांगितला जातो. न्यू इंग्लिश स्कूलच्या समारंभात गोखल्यांची ड्युटी दारावर होती. रानडे आले, पण त्यांच्याकडे निमंत्रणपत्रिका नव्हती. या पोराने पुण्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला दारातच अडवलं! रानडे चिडले नाहीत. पुढे याच पोराला त्यांनी कामाला जुंपलं.

काम म्हणजे भाषणं नव्हेत. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, सार्वजनिक सभेच्या वतीने सरकारकडे जाणाऱ्या अर्जांचे मसुदे लिहायचे. सभेच्या त्रैमासिकाचं संपादन हाती आलं तेव्हा गोखले होते अवघे एकवीस वर्षांचे. रात्र रात्र जागून लिहिलेल्या अर्जाला सरकारकडून धड उत्तरही यायचं नाही. मग एवढी मेहनत कशासाठी, असं कुठल्याही पोराला वाटणारच; गोखल्यांनाही वाटलं. रानड्यांनी समजावलं, की अर्जावर पत्ता सरकारचा असला तरी तो खरा आपल्याच लोकांसाठी असतो. या तऱ्हेचं राजकारण देशात नवं आहे, लोकांना त्यावर विचार करायची सवय लागायला हवी. आज टाकलेल्या पोस्टला उद्या किती लाइक्स आले हे मोजणाऱ्या आपल्या पिढीला हे पचायला जरा जडच आहे.

या शिकवणीची परीक्षा १८९७ मध्ये झाली. गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्यात प्लेगच्या तपासणीवेळी सैनिकांनी बायकांवर अत्याचार केल्याच्या बातम्या मित्रांच्या पत्रांतून आल्या आणि गोखल्यांनी त्या तिथल्या वर्तमानपत्रात मांडल्या. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा माहिती देणारे पुढे येईनात. गोखल्यांनी कुणाचंही नाव घेतलं नाही. जबाबदारी स्वतःवर घेऊन जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं, हिणवलं. एकतीस वर्षांच्या माणसाचं राजकारण तिथेच संपू शकलं असतं. पण ते पुन्हा आकड्यांकडे वळले.

१९०१ मध्ये रानडे गेले. पुढच्याच वर्षी गोखले कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. सरकार तिजोरीतली शिल्लक अभिमानाने दाखवत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन मांडलं, की ही शिल्लक भरभराटीची खूण नाही. गरीब रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची आहे. मिठावरचा कर कमी करा, ही मागणीही केली. या भाषणामागे आकडेवारीत मुरलेले शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी यांची मदत होती आणि रानड्यांच्या हाताखाली गेलेली सगळी वर्षंही होती.

मग ज्युनिअरचा सीनिअर झाला. १२ जून १९०५ ला गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. येणाऱ्या तरुणाला आधी पाच वर्षं उमेदवारी करावी लागायची: वाचन, अभ्यास, प्रवास. कामगार चळवळीतले ना. म. जोशी आणि आदिवासींसाठी झटलेले ठक्करबाप्पा याच संस्थेतले. १९१५ च्या जानेवारीत गांधीजी आफ्रिकेतून परतले तेव्हा त्यांच्याकडूनही गोखल्यांनी हेच कबूल करून घेतलं: एक वर्ष नुसता देश फिरा, बघा, ऐका, जाहीर मतं देऊ नका. त्या वर्षीच्या १९ फेब्रुवारीला गोखले गेले, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. गांधीजींनी मात्र शब्द पाळला.

आगरकर आणि रानडे स्वभावाने एकदम वेगळे. एक धारदार, दुसरा संथ. गोखल्यांनी दोघांपैकी कुणाचीच झेरॉक्स काढली नाही. एकाकडून हिंमत घेतली, दुसऱ्याकडून चिकाटी. पुढच्या वेळी कमिटीत एखादा सीनिअर आपल्याला स्टेजऐवजी कागदपत्रांच्या ढिगाकडे पाठवेल, तेव्हा तोंड वाकडं करण्याआधी गोखल्यांचे ते अर्ज आठवून बघा.