रुळांआधीचा माणूस

नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे एक छोटे संग्रहालय आहे. २००२ साली ते सुरू झाले. जुनी इंजिने, डबे आणि रेल्वेची उपकरणे तिथे जपली आहेत. लोखंड असे जपता येते. माणसाची पत कपाटात ठेवता येत नाही. बँकेत उमेद घालवलेल्या मला म्हणूनच यंत्रांआधी नाना शंकरशेट आठवतात.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३चा. वडिलांमागे तरुणपणीच मोठा व्यापार अंगावर आला. तो सांभाळून त्यांनी मुंबईत शिक्षणाला हात दिला, मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. विलायतेतली आगगाडी इथेही हवी, हा ध्यास त्यांनी घेतला. १८४५ साली जमशेटजी जीजीभाईंसह त्यासाठी मंडळ उभे केले. १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीला मान्यता दिली. नाना तिचे एक संचालक झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या १४ डब्यांच्या गाडीत सुमारे ४०० निमंत्रित होते. त्यांत नानाही होते.

खातेवहीचे दुसरे पानही उलटले पाहिजे. कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. नफा भागधारकांचा, जोखीम रयतेची! असे कर्ज कुठल्या शाखाधिकाऱ्याने मंजूर केले असते? रुळांचा रोखही वऱ्हाडच्या कापसाकडे होता. १८७० साली खामगावला फाटा आला, तो कापसासाठीच. तोवर नाना राहिले नव्हते. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले.

बुलढाणा जिल्ह्याच्या कडेला असलेल्या धाडला रूळ आलेच नाहीत. मी तिथल्या शाखेत होतो तेव्हा मुंबईला निघालेला माणूस आधी एस.टी.ने मलकापूर नाहीतर जालना गाठत असे. खामगाव–जालना मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्यांची. रूळ अजून पडायचेच आहेत.

याचा दोष नानांना देता येत नाही. हमीची अट लंडनच्या भांडवलाची होती. नाना मात्र अर्जावर सही करून घरी बसले नाहीत. स्वतःचा पैसा, वेळ आणि नाव त्यांनी त्या कामाला लावले. आपल्या मागण्यांमागे आज अशी पत कोण लावतो? मुलांना इंजिन दाखवताना हेही सांगावे.