सर्गेई रखमानिनॉव्ह : पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झालेला कलावंत



थोरांची चरित्रे वाचताना आपण बहुधा आपल्याच देशात फिरतो. या वेळी जरा लांब, रशियात जाऊ या. सर्गेई रखमानिनॉव्ह हे जगातील एक मोठे पियानोवादक, संगीतरचनाकार आणि वाद्यवृंदाचे संचालक होते. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. पाश्चात्त्य संगीताचा मी जाणकार नाही, पण या माणसाचे चरित्र एका शिक्षकाला फार काही शिकवून जाते, म्हणून ते आपल्यापुढे ठेवतो.

रखमानिनॉव्ह यांचा जन्म १ एप्रिल १८७३ रोजी रशियाच्या नोव्हगोरोद प्रांतात झाला. घराणे जमीनदारांचे होते, परंतु वडिलांच्या उधळेपणामुळे जमिनी एकामागून एक गेल्या. १८८२ मध्ये कुटुंबाला सेंट पीटर्सबर्गला यावे लागले. पुढच्याच वर्षी घटसर्पाने एक बहीण दगावली आणि आईवडील विभक्त झाले. सर्गेईला तेथील संगीत विद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली होती, पण घरात धाक असा कुणाचाच राहिला नव्हता. मुलगा वर्ग बुडवून भटकू लागला. प्रगतिपत्रकातले गुण स्वतःच बदलून तो घरी दाखवी! अखेर १८८५ मध्ये तो सामान्य विषयांत चक्क नापास झाला.

अशा मुलाला आपण काय म्हणतो, ते आपण सगळेच जाणतो. पण त्याचा आतेभाऊ अलेक्झांडर सिलोती हा स्वतः नामांकित पियानोवादक होता. त्याने मुलाला मॉस्कोला निकोलाय झ्वेरेव या गुरूंकडे पाठवण्याचा सल्ला दिला. झ्वेरेव निवडक मुलांना एक पैसाही न घेता स्वतःच्या घरी ठेवून शिकवीत. आपल्याकडची गुरुकुल पद्धतच म्हणा ना! पहाटे सहाला पियानोवर बसावे लागे. शिस्त कडक होती, पण मुलांना नाटके आणि मैफली दाखवायलाही गुरुजी स्वतः नेत. रविवारी त्यांच्या घरी मोठमोठे संगीतकार जमत. चायकोव्हस्की यांच्यासमोर वाजवण्याची संधी सर्गेईला तिथेच मिळाली.

पुढे मुलाला रचना करण्यासाठी स्वतंत्र खोली हवीशी वाटू लागली, त्यावरून १८८९ मध्ये गुरु-शिष्यांत भांडण झाले आणि बोलणे बंद पडले. पण १८९२ मध्ये शिष्याने ‘अलेको’ ही संगीतिका लिहून मॉस्कोच्या संगीत विद्यालयाचे मोठे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा झ्वेरेव यांनी आपले सोन्याचे घड्याळ काढून त्याला दिले. ते घड्याळ रखमानिनॉव्ह यांनी जन्मभर जपले.

त्याच वर्षी एकोणीस वर्षांच्या या तरुणाने पियानोसाठी एक लहानशी रचना केली आणि मॉस्कोतल्या विद्युत प्रदर्शनात ती वाजवली. ही रचना जगभर गाजली. पण इतर देशांत रशियन रचनांना स्वामित्वहक्काचे संरक्षण नव्हते, त्यामुळे तिकडून त्यांना काही मिळाले नाही. मात्र पुढे जगात कुठेही गेले, तरी श्रोते तीच रचना पुन्हा पुन्हा मागत. शेवटी ते त्या फर्माइशीला कंटाळून गेले होते.

पहिली सिंफनी आणि तीन वर्षांचे मौन

२८ मार्च १८९७ रोजी सेंट पीटर्सबर्गला त्यांची पहिली सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना, सादर झाली. तालमी अपुऱ्या झाल्या होत्या आणि ग्लाझुनोव यांचे संचालन विस्कळीत होते. तेवीस वर्षांचा रचनाकार सभागृहाबाहेरच्या जिन्यावर बसून आपल्याच रचनेची दुर्दशा ऐकत होता. समीक्षक सेझार क्युई यांनी तर तिची तुलना इजिप्तवर कोसळलेल्या दहा अरिष्टांशी केली. यानंतर जवळपास तीन वर्षे रखमानिनॉव्ह यांना मोठे असे काही लिहिता आले नाही.

या काळात ते अगदीच स्वस्थ बसले नव्हते. मॉस्कोच्या मामोंतोव यांच्या खासगी संगीतिका मंडळीत त्यांनी संचालकाचे काम केले, तिथे महान गायक शाल्यापिन त्यांचे जिवलग मित्र झाले. १८९९ मध्ये त्यांचा लंडनला कार्यक्रमही झाला. पण आतली वाट बंदच होती. मग १९०० साली जानेवारी ते एप्रिल ते डॉक्टर निकोलाय दाल यांच्याकडे उपचारासाठी जाऊ लागले. दाल संमोहन-उपचार करीत, हौस म्हणून व्हायोला हे तंतुवाद्यही वाजवीत. ते रोज रुग्णाशी शांतपणे बोलत, धीर देत. हळूहळू लेखणी पुन्हा चालू लागली. नोव्हेंबर १९०१ मध्ये दुसरा पियानो कॉन्चेर्टो मॉस्कोत संपूर्ण सादर झाला. कॉन्चेर्टो म्हणजे एका वाद्याने सबंध वाद्यवृंदाशी केलेला संवाद. स्वतः रखमानिनॉव्ह पियानोवर होते आणि सिलोती संचालन करीत होते. आज जगातील सर्वांत आवडत्या कॉन्चेर्टोंमध्ये त्याची गणना होते, आणि तो डॉक्टर दाल यांना अर्पण केलेला आहे. पालकांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा. मन आजारी पडले तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा कसला?

त्यानंतरची वर्षे भरभराटीची होती. १९०२ मध्ये नताल्या सातिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे इरिना आणि तात्याना या दोन मुली झाल्या. १९०४ ते १९०६ ते मॉस्कोच्या प्रख्यात बोल्शोई नाट्यगृहात संचालक होते. १९०८ मध्ये दुसऱ्या सिंफनीचे संचालन त्यांनी स्वतः केले आणि पहिल्या अपयशाचा डाग धुतला गेला. १९०९ च्या उन्हाळ्यात इवानोव्का या आवडत्या खेड्यात त्यांनी तिसरा कॉन्चेर्टो लिहिला. अमेरिकेला जाताना बोटीवर आवाज न होणाऱ्या मुक्या पियानोवर त्यांनी त्याचा सराव केला. तो नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कला प्रथम सादर झाला आणि जानेवारी १९१० मध्ये थोर संगीतकार गुस्ताव मालर यांच्या संचालनाखाली पुन्हा झाला.

घर सुटले

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. कमाईचा बराच भाग त्यांनी इवानोव्काच्या शेतीत घातला होता, तो सगळा गेला. त्याच वेळी स्वीडनकडून कार्यक्रमांचे आमंत्रण आले. डिसेंबरात पत्नी व दोन मुलींना घेऊन ते रेल्वेने आणि पुढे उघड्या घसरगाडीने सरहद्द ओलांडून गेले. हाती थोडे सामान आणि काही हस्तलिखिते होती. मायदेशी ते पुन्हा कधीच परतले नाहीत.

आता प्रश्न पोटाचा होता. अमेरिकेतील बोस्टनच्या वाद्यवृंदाने संचालकपद देऊ केले, पण तीस आठवड्यांत ११० कार्यक्रम करायचे होते. इतक्या रचना आपल्या तयारीत नाहीत, असे त्यांनी प्रामाणिकपणे मानले आणि नकार दिला. मग उरला पियानो. पण तोवर ते मुख्यतः स्वतःच्याच रचना वाजवीत. मैफलींवर घर चालवायचे तर बेथोव्हेन, शोपॅं, शूमान, लिस्ट अशा इतरांच्या रचनाही हाताखाली हव्यात. तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी, जगात नाव झालेले असताना, हा माणूस शाळकरी मुलासारखा रियाजाला बसला. १० नोव्हेंबर १९१८ रोजी ते न्यूयॉर्कला उतरले. तिथे फ्लूने अंथरूण धरावे लागले, तरी ८ डिसेंबर १९१८ रोजी प्रॉव्हिडन्स या गावी त्यांनी पहिली मैफल केली.

पुढची पंचवीस वर्षे हाच क्रम चालला. कित्येक हंगामांत पन्नासहून अधिक कार्यक्रम होत. काही काळ तर त्यांनी पियानो बसवलेला रेल्वेचा डबाच भाड्याने घेतला होता. सहा फूट सहा इंच उंची, प्रचंड मोठे हात आणि चेहऱ्यावर हसू नाही, असे हे गृहस्थ शांतपणे येऊन बसत. प्रत्येक रचनेत एक कळसाचा क्षण असतो, तो नेमका साधला नाही तर सारी मैफल फुकट गेली, असे ते मानीत. एकदा एक पियानोवादक त्यांच्या भेटीला आला आणि दाराबाहेरच थबकला. आत शोपॅंची एक द्रुत रचना इतक्या संथपणे चालली होती, की ती ओळखायलाच त्याला वेळ लागला! विद्यार्थी मित्रहो, गती कुठून येते, ते यावरून समजावे.

मिळालेला पैसा त्यांनी एकट्याने भोगला नाही. रशियात अडकलेल्या नातेवाइकांना आणि कलावंतांना ते पैसे व अन्नाची पार्सले पाठवीत. पुढे हेलिकॉप्टरमुळे प्रसिद्ध झालेले इगोर सिकोर्स्की १९२३ मध्ये अमेरिकेत पैशांअभावी अडले होते. त्यांच्या विमान कंपनीचे पाच हजार डॉलरचे भाग रखमानिनॉव्ह यांनी विकत घेतले.

पण याची किंमतही मोजावी लागली. १९१८ पासून मृत्यूपर्यंत त्यांच्या हातून फक्त सहा नव्या रचना पूर्ण झाल्या. चौथा कॉन्चेर्टो १९२७ मध्ये पडला, समीक्षकांनी टीका केली. ते त्यात वारंवार दुरुस्त्या करीत राहिले. दौऱ्यांमुळे लिहायला वेळ नव्हता, आणि देश सुटल्यावर लिहिण्याची इच्छाच मंदावली होती. एक चांगला पियानोवादक जगाला मिळाला, पण त्यासाठी किती रचना न लिहिल्या गेल्या, याचा हिशेब कुणाला मांडता येणार?

आपल्या देशाशीही त्यांचा एक संबंध आला. १९३० मध्ये रवींद्रनाथ टागोर यांनी रशियाला भेट दिली आणि तेथील शिक्षणकार्याची प्रशंसा केली. तेथील दडपशाहीबद्दल टागोर बोलले नाहीत, असे वाटून रखमानिनॉव्ह आणि आणखी दोघांनी जानेवारी १९३१ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्रात निषेधाचे पत्र प्रसिद्ध केले. परिणामी रशियात त्यांच्या संगीतावर बंदी आली, ती सुमारे दोन वर्षांनी उठली. आपण टागोरांना गुरुदेव मानतो, म्हणून हा प्रसंग झाकून ठेवण्याचे कारण नाही. दोन मोठी माणसे एकाच देशाकडे दोन ठिकाणांहून पाहत होती, एवढे आपण समजून घ्यावे.

सरकारशी मतभेद असले, तरी मातृभूमीवरचे प्रेम कमी झाले नव्हते. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मैफलीची मिळकत, जवळपास चार हजार डॉलर, त्यांनी रशियन सैनिकांच्या औषधोपचारासाठी दिली. बंदी घालणाऱ्यांचाच तो देश होता, हे विसरू नये.

१७ फेब्रुवारी १९४३ रोजी टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल येथे त्यांनी अखेरची मैफल केली. शरीरात कर्करोग पसरला होता. २८ मार्च १९४३ रोजी, सत्तराव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

जपलेले कागद

आज त्यांच्या मैफलींची इतकी माहिती मिळते कशी? रेडिओवर आपले वादन प्रसारित करायला ते परवानगी देत नसत. सुदैवाने चारही कॉन्चेर्टो त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवले. नताल्याबाई आणि त्यांची बहीण सोफिया सातिना यांनी कागदपत्रे जपून वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाला दिली. या सोफियाबाई वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि अमेरिकेत स्मिथ कॉलेजात काम करीत. १९०९ च्या दौऱ्यातील पहिली मैफल त्याच कॉलेजात झाली होती! १९४० मध्ये खासगीत मुद्रित झालेले त्यांचे एक वादन तर २०१८ मध्ये लोकांसमोर आले.

आणि ती अपयशी पहिली सिंफनी? तिची मूळ प्रत हरवली होती. पण वादकांचे सुटे कागद लेनिनग्राडच्या संगीत विद्यालयाच्या ग्रंथालयात सापडले आणि १७ ऑक्टोबर १९४५ रोजी मॉस्कोत ती पुन्हा वाजली. त्यानंतर ती जगभर मानाने वाजवली गेली. हे ऐकायला रखमानिनॉव्ह मात्र हयात नव्हते.

कुणीतरी ते कागद रद्दीत टाकले नाहीत, म्हणून हे घडले. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या समाजाला याचे मोल अधिक कळावे. स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, नाटकांच्या वह्या, जुनी छायाचित्रे ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ती जपावीत आणि एकेक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी, ही विश्वस्तांना व पालकांना विनंती. आणि मुलांनो, यंदा एखाद्या विषयात गुण कमी पडले, तर प्रगतिपत्रक खोडू नका. घरी जसे आहे तसे दाखवा आणि सकाळी लवकर उठा.