मंकुतिम्माचे कर्ते गुंडप्पा

बंगळूरनजीकच्या देवनहळ्ळीचे नाव आपल्या नावाच्या आरंभी धारण करणारे कन्नड साहित्यिक देवनहळ्ळी व्यंकटरमणय्या गुंडप्पा यांचा जन्म १८८७ साली मुळबागल येथे झाला. मॅट्रिकची परीक्षा त्यांना साधली नाही. उपजीविका वृत्तपत्रांवर चाले.

जे इंद्रियांस गोचर नाही, ते आहे असे मानावे तरी कशाच्या बळावर? हा प्रश्न त्यांच्या १९४३ सालच्या ‘मंकुतिम्मन कग्ग’ या ९४५ चौपद्यांच्या ग्रंथात पुनःपुन्हा उमटला आहे. आपल्या आयुष्यभराच्या चिंतनास ‘भोळ्या तिम्माची बडबड’ म्हणणे हा केवळ विनय नव्हे. तर्काची धाव कोठवर, हे त्यांनी ओळखले होते. परंतु संशयाच्या आडोशास ते स्वस्थ बसले नाहीत. १९४५ साली त्यांनी बंगळुरात संस्था स्थापिली, तीही आपल्या नामदार गोखल्यांच्या नावे! तेथे ते गीतेचे विवरण करीत. गीतेस त्यांनी ‘जीवनधर्मयोग’ म्हटले. अतींद्रिय तत्त्वाचा निर्णय होईपर्यंत कर्तव्य थांबत नाही, हा त्यांच्या जीवनाचा रोख त्या नावातच आहे. या भाष्यास १९६७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

१९७० साली नागरिकांनी सत्कारपूर्वक अर्पण केलेली सारी थैली त्यांनी त्या संस्थेस देऊन टाकली. १९७५ साली ते निवर्तले.