अनवाणी पावलांचा पारखी

हिवाळा सुरू झाला की जळगाव आणि धुळ्याच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात धावपटूंची गर्दी दिसू लागते. छातीवर क्रमांक, पायात भारी बूट, वाटेत पाण्याची सोय आणि शेवटच्या रेषेवर वेळ दाखवणारे घड्याळ, असा या स्थानिक मॅरेथॉनचा थाट असतो. मात्र आपल्या मातीतला साधा माणूस लांब पल्ला धावू शकतो आणि जगाच्या पुढ्यात उभा राहू शकतो, हे शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ओळखले, त्या सर दोराबजी टाटा यांची आठवण अशा वेळी क्वचितच निघते. पोलाद आणि विजेच्या कारखान्यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांचे क्रीडाप्रेम मात्र मागेच राहिले.

जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव 27 ऑगस्ट 1859 रोजी मुंबईत जन्मले. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले. केंब्रिजमध्ये अभ्यासाइतकेच त्यांचे मन क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये रमले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून 1882 मध्ये पदवी घेतली, काही काळ वृत्तपत्रात उमेदवारी केली आणि मग वडिलांच्या कापूस व्यवसायात लक्ष घातले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्येही त्यांनी कामाचे धडे गिरवले. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा खानदेश ओलांडून जातो. कपाशीच्या या मुलखातले कष्टकरी जीवन त्या वाटेवरच्या प्रवाशाला खिडकीतूनही दिसे.

1904 मध्ये जमशेटजींचे निधन झाले. पोलाद कारखाना, जलविद्युत आणि विज्ञान संस्था ही त्यांची अपुरी स्वप्ने पूर्ण करण्याची जबाबदारी दोराबजींवर आली. 1907 मध्ये पोलाद कंपनी स्थापन झाली. 1910 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. एवढ्या व्यापातही मैदानाची ओढ सुटली नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि तिथेच त्यांच्या आयुष्यातले एक वेगळे प्रकरण सुरू झाले.

1919 च्या सुमारास जिमखान्याच्या वार्षिक क्रीडास्पर्धा पाहताना एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बरेचसे स्पर्धक शेतकरी वर्गातले होते. ते अनवाणी धावत होते. त्यांना ना प्रशिक्षक होता, ना शास्त्रशुद्ध तयारी. तरीही त्यांनी नोंदवलेल्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या होत्या. इंग्लंडची मैदाने पाहिलेल्या दोराबजींना या आकड्यांचा अर्थ लगेच उमगला. शेजारी बसलेल्या अनेकांना तो उमगला नसावा, कारण ऑलिंपिकच्या दर्जाची कल्पना त्या काळी फारशी कोणाला नव्हती. शंभर मीटर धावायला अर्धा मिनिट ते एक मिनिट लागत असेल, असा अंदाज संघटकांपैकी एकाने बांधला होता, असे सांगतात. तिथे सेकंदाच्या अंशावर निकाल ठरतो हे ऐकून ते चकित झाले.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सहकार्याने दोराबजींनी भारताला ऑलिंपिकचे दार उघडून दिले. निवड चाचण्या झाल्या आणि चार धावपटू व दोन मल्ल 1920 मध्ये बेल्जियममधील अँटवर्पला रवाना झाले. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला.

त्या चमूत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. 22 ऑगस्ट 1920 रोजी झालेल्या मॅरेथॉनचे अंतर 42.75 किलोमीटर, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक होते. फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटांत पहिले आले. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले. त्यांचे सहकारी सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चमू पदकाविना परतला. परंतु पुण्यात पाहिलेल्या अनवाणी पावलांविषयी दोराबजींनी केलेला कयास खोटा ठरला नाही.

त्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. 1924 च्या पॅरिस स्पर्धेसाठीही त्यांनी पुढाकार घेतला. 1924 हे वर्ष खरे तर कसोटीचे होते. पोलाद कंपनी डबघाईला आली होती. ती वाचवण्यासाठी दोराबजींनी आपली सारी वैयक्तिक मालमत्ता, पत्नी मेहरबाईंच्या दागिन्यांसह, बँकेकडे तारण ठेवली. अशा विवंचनेतही खेळाचे काम थांबले नाही. 1927 मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि पहिल्या अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला. पुढच्याच वर्षी अॅमस्टरडॅमला भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले.

1931 मध्ये मेहरबाई गेल्या. निपुत्रिक दोराबजींनी 1932 मध्ये आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी ते इंग्लंडच्या प्रवासाला निघाले, पण वाटेत 3 जून 1932 रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांची प्राणज्योत मालवली. ब्रुकवूडच्या दफनभूमीत पत्नीशेजारीच ते विसावले आहेत.

शर्यत भरवणे म्हणजे मंडप, पदके आणि पाहुणे एवढेच नसते. शेवटच्या रेषेवर उभे राहून, कोण किती वेळात आला हे नीट टिपणारा आणि त्या आकड्यामागचा माणूस ओळखणारा कोणीतरी तिथे असावा लागतो. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर उद्या एखादा शेतकऱ्याचा मुलगा साध्या चपला काढून धावू लागला, तर त्याची वेळ पाहून थबकणारा एखादा दोराबजी तिथे असेल का, हा प्रश्न संयोजकांनी स्वतःला जरूर विचारावा.